जळलेलं आणि अंगी लागलेलं

श्वासखोलीच्या काचेपलीकडे जाई भांगरे दोरीवरच्या उड्या मारत होती. दहा वर्षांची, शेलाटी पोर. तोंडानं उड्या मोजत होती आणि मधेच आकडा चुकला की पुन्हा एकपासून सुरू करत होती. काल सकाळपासून ती या खोलीत होती. इथेच जेवली, इथेच झोपली, आणि बाहेरच्या बाकावर बसलेल्या शेवंताबाईंना अधूनमधून वाकुल्या दाखवत होती.

खोलीत पाहण्यासारखं काही नव्हतं. एक खाट, एक टेबल, भिंतीत चार भोकं. पण त्या भोकांतून आत जाणारी आणि बाहेर येणारी हवा क्षणाक्षणाला तपासली जात होती. मुलानं प्राणवायू किती घेतला आणि कर्बवायू किती सोडला हे कळलं, की त्याच्या शरीराच्या चुलीत किती इंधन जळलं ते गणितानं काढता येतं.

बालऊर्जा केंद्राच्या मापनप्रमुख डॉ. हेमलता नवले पडद्यासमोर उभ्या होत्या. चोवीस तास पुरे झाले आणि पडद्यावर तीन आकडे उमटले. श्वासखोली सांगत होती, १५१२ उष्मांक. जाईच्या कानामागे चिकटवलेली कर्बटिकली म्हणत होती, १५२०. आणि तिच्या कमरेच्या पट्ट्यातली कंबरमापी म्हणत होती, १९०५.

"पाहिलंत नवलेबाई?" केंद्राचे संचालक डॉ. परुळेकर मागून म्हणाले. "टिकली अगदी खोलीच्या शेजारी बसली. आणि तुमची कंबरमापी चारशेनं फुगलीय. एकेकाळी आमच्या खात्यात एक कारकून होता, तो असाच प्रवासभत्ता लावायचा."

हेमलताबाई हसल्या, पण नजर पडद्यावरच राहिली. "टिकलीबद्दल मला शंका नाहीच, सर."

"मग सही कशासाठी अडलीय?"

"कंबरमापीसाठी. ती हालचालीचे हिसके मोजते आणि अण्णा शिंगट्यांच्या सूत्रानं त्यांचे उष्मांक करते. ते सूत्र त्यांनी एकतीस वर्षांपूर्वी बांधलं. अण्णांना मी ओळखते. ते दहा-वीस उष्मांकांनी चुकतील, चारशेनं कसे चुकतील? ते कळल्याशिवाय मी सूत्र खोडणार नाही."

परुळेकरांनी खुर्ची ओढली. ते काही वाईट गृहस्थ नव्हते. जिल्ह्यातल्या चारशे निवासी शाळांमध्ये चार वर्षांपूर्वी त्यांनीच वाढपयंत्रं बसवली होती. मूल ताट घेऊन यंत्रापुढे उभं राहिलं की यंत्र त्याच्या कानामागची टिकली वाचायचं. मागच्या तीन महिन्यांत त्या मुलानं रोज सरासरी जेवढं जाळलं, तेवढंच अन्न ताटात पडायचं. राहिलेली जागा काकडी, कोबी आणि पातळ ताकानं भरायची. ताट भरलेलंच दिसे. शेवटी यंत्रावर हिरवा दिवा लागे आणि पुढचं मूल सरके. शाळांतून कुणी उपाशी उठत नव्हतं, कुणी लठ्ठ होत नव्हतं.

धान्य मात्र शाळांना अजून अण्णांच्या जुन्या सूत्रानुसारच यायचं. त्यातला पाचवा हिस्सा पडून राहायचा.

"बाई, कोठारात गव्हाला किडे लागलेत," परुळेकर शांतपणे म्हणाले. "आणि घाटाच्या पलीकडच्या तालुक्यात तीन वर्षं दुष्काळ आहे. सूत्र रद्द झालं की तो गहू मी तिकडे पाठवू शकतो. तुमच्या सहीवाचून ते होत नाही. सोमवारपर्यंत मला कारण द्या, नाहीतर सही द्या."

हे म्हणणंही खोटं नव्हतं. म्हणूनच ते जड होतं.

जाई बाहेर आली. शेवंताबाई तिचा फ्रॉक नीट करू लागल्या. या बाई आंबेडोहच्या शाळेत मुलांची देखभाल करत, शिवणटिपणही त्यांच्याकडेच. हेमलताबाईंनी सहज विचारलं, "फ्रॉक नवा शिवला नाही वाटतं यंदा?"

"कशाला शिवायचा, बाई? परवाच्या सालातला चांगला बसतोय की." शेवंताबाईंनी खालची दुमड उलटून दाखवली. "आधी बघा, दिवाळी झाली की माझी नुसती धांदल. शंभर पोरींच्या दुमडी उसवा, दोन-दोन बोटं खाली सोडा, परत शिवा. आता दोन सालं झाली, सुई गंजून चालली. पोरी गुणाच्या निघाल्या म्हणायच्या, कपडा पुरवून घालत्यात."

जाई म्हणाली, "मावशी, मीच गुणाची. बाकीच्या नाहीत."

हेमलताबाई मात्र वाकून ती दुमड पाहू लागल्या. मग त्यांनी जाईला भिंतीशी उभं केलं आणि टेप लावला. एकशे सव्वीस सेंटीमीटर. सहाव्या वर्षी शाळेत दाखल करताना एकशे बारा लिहिले होते. चार वर्षांत चौदा. वीस-बावीस तरी व्हायला हवे होते.

"मधल्या काळात उंची कुणी मोजली?"

"यंत्र वजन घेतं ना उभ्या उभ्या," शेवंताबाई म्हणाल्या. "उंचीला माणूस लागतं. माणसं कमी केली."

त्या दुपारी हेमलताबाईंनी सगळ्या शाळांमधल्या दहा वर्षांच्या मुलींचे टिकलीचे आकडे काढले. पहिल्या वर्षाची नोंद यंत्रं नवी म्हणून कच्ची ठरवून केव्हाच पुसली होती. दुसऱ्या वर्षी सरासरी १६४०, तिसऱ्या वर्षी १५६०, चौथ्या वर्षी १५२०, आणि गेले दहा महिने तिथेच. परुळेकरांच्या टिपणात लिहिलं होतं, 'यंत्र उत्तरोत्तर नेमके होत गेले व आता स्थिरावले.' पण त्याच मुलींच्या कंबरमापीवर हालचालीत तसूभर फरक नव्हता. मुली तेवढ्याच धावत होत्या, तेवढ्याच उड्या मारत होत्या. मग उतरलं काय होतं?

*

अण्णा शिंगटे आता ब्याऐंशी वर्षांचे होते आणि प्रवरेच्या काठी लेकाकडे राहत. हेमलताबाई पोचल्या तेव्हा ओसरीवर बसून ते पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक थापत होते. संध्याकाळी देवळात कीर्तन होतं.

"ये हेमा. ही कणीकही मोजायला तुझ्या केंद्रानं तुला पाठवलं असेल तर सांग, वजन करून देतो."

"अण्णा, तुमचं सूत्र चारशेनं जास्त दाखवतंय."

म्हाताऱ्याचा हात थांबला. कानातलं यंत्र त्यांनी नीट बसवलं. "पुन्हा सांग."

हेमलताबाईंनी सगळं सांगितलं. टिकली, वाढपयंत्र, उतरत गेलेले आकडे, एकशे सव्वीस सेंटीमीटर. अण्णा डोळे मिटून ऐकत होते, कीर्तनात निरूपण ऐकावं तसे.

"एक विचारतो," ते शेवटी म्हणाले. "टिकली जळलेलं मोजते. अंगी लागलेलं कोण मोजतं?"

"कुणीच नाही."

"मग झालं. वाढत्या मुलाच्या पोटातलं सगळंच जळत नाही. थोडं हाड होतं, थोडं मांस होतं. समज, पोरीनं एकोणीसशे खाल्ले, त्यातले अठराशे ऐंशी जळले, वीस अंगी लागले. तुमचं यंत्र पुढच्या तिमाहीत तिला अठराशे ऐंशीच वाढणार. आता तिला त्यातूनच वाढायचं. ती काय करील?"

"आतून काटकसर," हेमलताबाई म्हणाल्या. बोलता बोलताच त्यांना सगळं उलगडत गेलं. "घरात पीठ कमी पडलं की आई पाहुण्यांच्या ताटातली भाकरी कमी करत नाही, स्वतःची करते. शरीरही तसंच. धावणं, उड्या, खेळ म्हणजे बाहेरचं, ते चालू ठेवतं. आतली कामं कमी करतं. जखम भरणं, तापाशी झुंजणं, अंगाची ऊब. म्हणजे जळणं उतरतं. टिकली तो उतरलेला आकडा इमानानं नोंदवते, यंत्र तेवढंच वाढतं, आणि शरीर पुन्हा थोडं कमी करतं."

"पायरी पायरीनं."

"शेवटी उंचीच थांबवतं. आणि जिथून खाली जाताच येत नाही तिथे आकडा स्थिर होतो. आम्ही म्हटलं, खरा आकडा सापडला."

"पण हे माझं अनुमान झालं," हेमलताबाई म्हणाल्या. "परुळेकर विचारतील, तुमच्या अण्णांचा एकोणीसशे तरी खरा कशावरून? अण्णा, तुम्ही सूत्र कोणत्या मुलांवर बांधलं?"

"निबंधात लिहिलंय ना. निवासी शिबिर, आंबेडोह खोरं."

"त्या वर्षी तिथे शिबिर झाल्याची नोंद नाही. मी शोधली."

अण्णांनी हाताची कणीक पुसली. मग एखाद्या पोरानं चोरी कबूल करावी तसं म्हणाले, "सप्ताह होते."

"काय?"

"अखंड हरिनाम सप्ताह. त्या वर्षी खोऱ्यातल्या पाच गावांनी ठरवून एकापाठोपाठ एक पाच सप्ताह लावले होते. मी पाचही ठिकाणी पखवाजाला. पोरं एका मांडवातून दुसऱ्या मांडवात जायची, सकाळी काकडा, संध्याकाळी हरिपाठ, मधला सगळा वेळ हुंदडणं. मला हवी होती तशी मुलं, एका जागी, एका पंगतीत. शेवटच्या दोन आठवड्यांत मी त्यांच्या कमरेला मापी बांधली आणि त्यांना खुणेचं पाणी पाजलं."

खुणेचं पाणी म्हणजे जड हायड्रोजन आणि जड प्राणवायू घातलेलं साधं पाणी. हायड्रोजन शरीरातून फक्त पाण्यावाटे जातो, प्राणवायू पाण्याबरोबर श्वासातल्या कर्बवायूवाटेही जातो. दोन आठवड्यांनी दोन्ही खुणा किती उरल्या ते पाहिलं, की श्वासावाटे किती गेलं, म्हणजेच किती जळलं, ते कळतं. मूल कुठेही हुंदडो, मोजमाप चुकत नाही.

"मग खोटं का लिहिलंत?"

"सप्ताहात मोजलं म्हटल्यावर त्या काळी मला कुणी दारात उभं केलं नसतं. हसले असते. आणि मलाही वाटायचं, त्या दिवसांत पोरं रोजच्यासारखी नव्हती, रोजच्यापेक्षा फार खात होती. तोच दोष आला असेल सूत्रात. हेमा, तू लिही, शिंगट्यानं चुकीच्या दिवसांत मोजलं. आता या वयात मला त्याची लाज नाही. पोरांच्या कामी आलं तर बरंच."

"किती खात होती, मोजलंत?"

"पंगतीत कोण मोजतो?" अण्णांना हसू आलं. "वाढपी वाढत राहतो. पोरानं ताटावर हात आडवा धरला की मगच पुढे सरकायचं. आमच्याकडे तोच नेम आहे. त्याआधी सरकला तर गाव त्याला नावं ठेवतं."

हेमलताबाई ताडकन उठल्या.

"अण्णा, तुम्ही चुकीच्या दिवसांत नाही मोजलंत. त्या मुलांच्या अख्ख्या वर्षात तेवढे पाच आठवडे असे होते की किती खायचं ते दुसऱ्या कुणी ठरवलं नव्हतं. त्या एकाच वेळी शरीर मोकळं होतं. मला दुसरा कुठलाच आकडा नको आहे."

"कीर्तनाला थांबत नाहीस?"

"आज नाही. मला सोमवार गाठायचाय."

*

सोमवारी परुळेकरांनी सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"म्हणजे जिल्ह्याची आहारनीती मी भजनी मंडळाच्या जेवणावर ठरवू?"

"तसं समजा, सर."

"नवलेबाई, तुमच्याबद्दल मला आदर आहे. पण कोंडी बघा. तुम्ही म्हणता मूल कमी जाळतं कारण कमी मिळतं. मी म्हणतो कमी मिळतं कारण कमी जाळतं. आकडे दोघांनाही सारखीच साक्ष देतात."

"म्हणून प्रयोग करायचा. कायद्यात हरकतीला सोळा आठवडे मिळतात. आंबेडोहच्या शाळेतलं वाढपयंत्र बंद करा. टिकल्या राहू देत, कंबरमाप्याही राहू देत. शेवंताबाई आणि आया वाढतील, मूल ताटावर हात आडवा धरेपर्यंत. तुमचं खरं असेल तर मुलं लठ्ठ होतील आणि टिकली पंधराशे वीसवरच राहील."

"आणि तसं झालं तर?"

"तर मी स्वतः सूत्र खोडून सही करीन आणि केंद्र सोडीन. लिहून देते."

"नोकरी कशाला मधे आणता?"

"चारशे शाळांमधल्या पोरांच्या ताटातलं कायमचं कमी करायचंय, सर. तेवढं तरी माझं पणाला लागू द्या."

परुळेकरांनी चष्मा पुन्हा चढवला. "दुष्काळी तालुका सोळा आठवडे थांबेल काय?"

या प्रश्नावर हेमलताबाई तीन दिवस विचार करून आल्या होत्या. "थांबणार नाही. कोठारात आधीच पडलेला गहू आजच पाठवा, तेवढ्यापुरती सही मी देते. पुढचा मात्र तोडू नका."

परुळेकरांनी हरकतीवर शिक्का मारला.

*

पहिल्याच पंगतीला गोंधळ झाला. जमिनीवर पट्ट्या अंथरल्या, एकशे दहा मुलं ओळीनं बसली, शेवंताबाई वरणाची बादली घेऊन फिरू लागल्या. मुलांनी वाढलेलं संपवलं आणि भिंतीकडे बघत बसली. यंत्राचा हिरवा दिवा लागायची त्यांना सवय होती.

"बाई, बस कोण म्हणणार?" जाईनं विचारलं.

"तू म्हणायचं," हेमलताबाई म्हणाल्या.

"मला कसं कळणार?"

शेवंताबाईंनीच बादली खाली ठेवली. "जेवून बघ की, पोरी. कळंल. मलाबी तसंच कळलं."

पहिला आठवडा अवघड गेला. काहींनी भीतीपोटी दोन घासांतच हात आडवा धरला, काहींनी हावरेपणानं इतकं खाल्लं की पोट धरून बसले. परुळेकरांचा रोज फोन यायचा, टिकली हलली का? टिकली हलत नव्हती. दुसऱ्या आठवड्यातही नाही. वजन मात्र वाढत होतं. हेमलताबाईंनी राजीनाम्याचा मसुदा तयार केला, खणात ठेवला आणि पुन्हा आंबेडोहला गेल्या. माघार त्यांच्या मनात आली नाही. त्या स्वतः वाढायला उभ्या राहू लागल्या. हात आडवा धरायला घाबरणाऱ्या आणि न धरणाऱ्या, दोन्ही मुलांपाशी त्या सारख्याच सावकाश थांबत.

चौथ्या आठवड्यात आकडा हलला, १५६०. मग तो थांबलाच नाही. सहाव्यात १६५०, आठव्यात १७६०. कंबरमापीवर हालचाल पूर्वीइतकीच होती. मुलं जास्त धावत नव्हती, त्यांच्या आतली बंद पडलेली कामं सुरू झाली होती. जाईच्या घोट्यावर पावसाळ्यापासून चिघळणारा फोड होता, तो दहा दिवसांत भरला. वजनाचा काटा नवव्या आठवड्यानंतर सावरला आणि टेप पुढे सरकू लागला. शेवंताबाईंनी नव्या सुया मागवल्या.

बाराव्या आठवड्यात दहा वर्षांच्या मुलींची सरासरी आली, १९००. अण्णांच्या सूत्राचा आकडा, जवळपास बरोब्बर. हेमलताबाईंनी अण्णांना फोन केला. ते म्हणाले, "पांडुरंगानं मोजून घेतलं म्हणायचं."

परुळेकर स्वतः शाळेत आले. पंगतीच्या कडेला उभे राहून त्यांनी हातातल्या पाटीवर दोन रेषा शेजारी शेजारी ठेवल्या. एक रेषा गेल्या तीन वर्षांतल्या टिकलीची, दुसरी त्याच वर्षांत वाढपयंत्रानं वाढलेल्या अन्नाची. टिकली उतरली की तीन महिन्यांनी अन्न उतरत होतं, आणि अन्न उतरलं की पुन्हा टिकली, सावलीसारखी.

"इतकी वर्षं टिकली मुलांना मोजतच नव्हती," ते हळू आवाजात म्हणाले. "माझ्या यंत्राला मोजत होती. आणि जितकी नेमकी, तितकी घातक." त्यांचा चेहरा उतरला होता. "टिकली थोडी चुकीची असती तर कदाचित काही पोरांची वाढ तरी वाचली असती."

"आता दुरुस्त करता येईल, सर."

"हो. सूत्र राहील. एकोणीसशे. आजच कायम करतो." आकडा हाती आला की त्यांना धीर यायचा. त्यांनी लेखणी काढली.

"आज नको," हेमलताबाई म्हणाल्या. "हरकतीचे चार आठवडे बाकी आहेत. पूर्ण होऊ द्या."

"कशासाठी? जिंकलात तुम्ही."

"रेषा अजून चढतीय, सर."

ते थांबले. तेराव्या आठवड्यात १९३० आले, चौदाव्यात १९६०. सोळाव्या आठवड्याच्या शेवटी परुळेकरांच्या खोलीत पडद्यावर २०१० उभे होते, आणि रेषेला कुठे वाकण्याचं चिन्ह नव्हतं.

"म्हणजे अण्णांचंही चुकलं," परुळेकर म्हणाले. "पण उलट्या बाजूनं."

"हो. मी काल त्यांना सांगितलं. सप्ताहाला आलेली ती मुलंही जन्मापासून कमीच जेवलेली होती. पाच आठवड्यांत त्यांची शरीरं जेवढी उघडली तेवढीच अण्णांनी मोजली. मांडव उतरले आणि मोजणी तिथेच संपली. या खोऱ्यात एकाही मुलाचं शेवटपर्यंत कुणी मोजलेलं नाही."

"मग कायद्यात लिहू काय? चारशे शाळांना उद्या आदेश जायचाय. आकड्याची जागा मोकळी ठेवता येत नाही."

हेमलताबाईंनी आदेशाचा कागद पुढे ओढला. आकड्याच्या चौकटीत त्यांनी लिहिलं, 'मूल थांबेपर्यंत', खाली सही केली आणि कागद त्यांच्याकडे सरकवला.

परुळेकरांनी तो दोनदा वाचला. "आणि ही रेषा कुठे थांबेल, बाई?"

"ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. "आजवर तिला स्वतःहून थांबायची वेळच आली नाही."

परुळेकरांनी लेखणी उचलली आणि त्यांच्या सहीशेजारी आपली सही केली.